२१ नोव्हेंबर १९६१ला आजोबा कुठे होते?

फाईल इतकी नीटनेटकी होती की बघूनच बरं वाटलं. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर पेन्सिलनं नंबर, आत मुलीच्या अक्षरातली यादी. माझ्याकडे जून महिन्यात येणाऱ्या फायली सहसा पिशवीतून येतात, आणि त्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर लाईट बिल, लग्नपत्रिका असं काहीही सापडतं.

कुटुंब कागल तालुक्यातलं. वडील पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, घरी दोन म्हशी आणि थोडी शेती. मुलगी बारावी सायन्स झालेली, सीईटीला चांगले पर्सेंटाईल, मनात कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. जात हिंदू धनगर, प्रवर्ग भटक्या जमाती-क. प्रांतांच्या सहीचा जातीचा दाखला होता. नव्हती ती व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र.

"अर्ज टाकलाय वकीलसाहेब, पावती हाय. पर त्रुटी निघाली म्हणत्यात."

त्रुटी एका ओळीची होती: २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा सादर करावा. जातीबद्दल एक शब्दही नाही. ती धनगर आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रश्न होता, त्या दिवशी तिचे आजोबा कुठल्या गावात राहत होते.

हे प्रकरण त्या कुटुंबाला विचारून लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, "डोमिसाईल आहे ना? मग काय अडचण?" हा गैरसमज मी दरवर्षी ऐकतो आणि चुकतं कुठे ते दरवर्षी सांगतो. अधिवास दाखला मुलीबद्दल बोलतो. ती इथे जन्मली, दहावी-बारावी इथे शिकली, महाराष्ट्राची उमेदवार म्हणून तिची पात्रता पक्की. राखीव जागेचा प्रश्न मात्र तिच्यापाशी सुरूच होत नाही, तो दोन पिढ्या मागे जातो. राज्यानं प्रत्येक प्रवर्गासाठी एक मानीव दिनांक धरला आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी तुमचं घराणं आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत कायम वास्तव्याला असलं पाहिजे. कोल्हापुरात २६ जुलै १९०२ ही तारीख शाळकरी पोरालाही पाठ असते, शाहू महाराजांच्या जाहीरनाम्याची. आणि ज्या तारखेवर त्याच पोराची जागा ठरणार, ती त्याच्या बापालाही माहीत नसते.

साताऱ्यातल्या कुटुंबाला ही तारीख फारशी टोचत नाही. कागल, गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ इथे टोचते. कागलातून हायवेनं निघालं की दूधगंगा, मग कोगनोळीचा नाका, की आलं कर्नाटक. सोयरिकी दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाला तर हद्द ही गोष्ट नाक्यावर पावती फाडायची वेळ आल्यावरच कळायची.

या मुलीचे आजोबा मूळचे निपाणीजवळचे, तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातले. तिथल्या मराठी शाळेत १९४३ साली दाखल, १९४८ साली चौथीतून नाव कमी. जातीच्या रकान्यात "हिंदू धनगर" असं स्वच्छ लिहिलेलं. स्वातंत्र्यापूर्वीची नोंद जात पडताळणीत सोन्यासारखी. अशा जुन्या कागदांचं पुरावामूल्य जास्त, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११च्या आनंद प्रकरणात जमातीच्या दाव्याबद्दल बोलताना स्पष्ट केलं आहे. इथे गंमत अशी, की जो कागद जात सिद्ध करत होता तोच वास्तव्याच्या मुळावर येत होता. शाळा आज कर्नाटकात. इकडचा पहिला कागद १९६५चा घरठाण उतारा, दुसरा १९६८चा जमिनीचा फेरफार. म्हणजे १९४८ ते १९६५ अशी सतरा वर्षांची पोकळी, आणि ती तारीख नेमकी त्या पोकळीत.

वडिलांचं म्हणणं साधं होतं. "आवो, तवा कुठलं कर्नाटक? समदं मुंबईच की." इतिहास म्हणून बरोबर आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं. बेळगाव जिल्हाही तेव्हा मुंबई राज्यातच होता, तो म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ला. आजोबा निपाणीहून इकडे आले ते घरच्यांच्या आठवणीप्रमाणे राज्य पुनर्रचनेच्या आधी. म्हणजे त्यांनी राज्याची सीमा ओलांडली नव्हतीच, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात आले होते. सीमा त्यांच्यामागून आली. पण समितीपुढे आठवण चालत नाही. जात प्रमाणपत्राच्या २००० सालच्या कायद्याचं आठवं कलम पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर टाकतं. ते आधीच आले होते, तर कागद दाखवा.

ही तारीख अन्यायाची वाटते हे खरं. तिच्यामागचा विचार मात्र समजून घ्यावा लागतो. १९९०च्या मारी चंद्रशेखर राव प्रकरणात मुद्दा मुंबईच्याच मेडिकल कॉलेजातल्या जागेचा होता. मुलाचा जन्म आंध्रातला, त्याची जमात तिथे अनुसूचित. वडील नोकरीनिमित्त मुंबईला आले, त्यांच्याबरोबर तोही लहानपणी आला. घटनापीठानं सांगितलं की एका राज्यातला अनुसूचित दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाही, कारण यादी त्या त्या राज्यातल्या मागासलेपणाचा विचार करून झालेली असते. निकाल अनुसूचित जाती-जमातींबद्दलचा आहे, पण भटक्या जमातींच्या मानीव दिनांकातही विचाराची तीच पद्धत दिसते. माझी तक्रार तत्त्वाबद्दल नाही. ज्यांनी स्थलांतर केलंच नाही, फक्त जिल्हा बदलला, त्यांच्याकडेही परप्रांतातून आलेल्यांसारखं बघितलं जातं, आणि ते तसे नाहीत हे सिद्ध करायचं काम कागद जपायची सवय नसलेल्या माणसांवर पडतं.

दुसऱ्या भेटीत वडील एकटेच आले. जरा घुटमळले आणि म्हणाले, एकजण भेटलाय, इथल्याच एका शाळेचा १९५५चा दाखला काढून देतो म्हणतो. आकडाही सांगितला. मी त्यांना कायद्याचं अकरावं कलम वाचून दाखवलं: खोटी कागदपत्रं देऊन दाखला मिळवला तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा दोन हजार ते वीस हजार दंड, किंवा दोन्ही. कैदेचं ऐकून ते घाबरले नाहीत. घाबरले दहाव्या कलमाला: दावा खोटा ठरला की प्रवेश रद्द, घेतलेली सवलत वसूल, पदवीही काढून घेता येते. "म्हंजे शिकून झाल्यावर बी?" हो, शिकून झाल्यावर बी.

लोक इथे मिलिंद प्रकरणाचा आधार सांगतात. हलबा-कोष्टी हे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत असं २०००च्या नोव्हेंबरमध्ये घटनापीठानं ठरवलं, पण त्या विद्यार्थ्याची एमबीबीएसची पदवी राहू दिली. त्यातून "एकदा शिक्षण पुरं झालं की कोर्ट सांभाळून घेतं" अशी समजूत पसरली. ती समजूत ६ जुलै २०१७ला जगदीश बहिरा प्रकरणात संपली. त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दावा अवैध ठरल्यावर लाभ गेलाच पाहिजे, फसवणुकीचा हेतू नव्हता हा बचाव चालणार नाही. म्हणजे प्रामाणिक चुकीलाही माफी नाही. मग जाणूनबुजून केलेल्या बनावट दाखल्याचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको होतं. तरी मी सांगितलं.

"मग हायकोर्टात जाऊया की. आता हितंच हाय." हे मात्र खरं. चाळीसहून जास्त वर्षं वकिलांनी आणि पक्षकारांनी मागणी लावून धरली, आणि १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्ट इमारतीत बसायला लागलं. त्याआधी अशा कामासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस, मुंबईत एक रात्र, आणि बोर्डावर नंबर येईल की नाही याची धाकधूक. पण कोर्ट जवळ आलं म्हणून पुरावा जवळ येत नाही. पुरावाच नसताना याचिका टाकली तर फार तर "समितीनं अमुक तारखेपर्यंत निर्णय द्यावा" असा आदेश मिळेल. पोकळी तशीच असताना लवकर निर्णय मागणं म्हणजे लवकर नकार मागणं.

कोर्टाची वाट कधी धरायची यावर दोन निकाल मी नेहमी जवळ ठेवतो. डॉली छंदा, २००५: ओडिशातल्या मुलीला सैनिकांच्या पाल्यांसाठीची जागा नाकारली गेली, कारण सैनिक मंडळानं तिला सुरुवातीला दाखलाच चुकीचा दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं फरक केला. पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेला असलीच पाहिजे, पण ती दाखवणारा कागद नंतर आला तर परिस्थिती पाहून सवलत देता येते. दुसरा कृष्णा श्रद्धा, डिसेंबर २०१९, मेडिकल प्रवेशाचा: विद्यार्थ्याची काहीच चूक नसेल, यंत्रणेनं नियम मोडून प्रवेश नाकारला असेल आणि विद्यार्थी वेळ न दवडता कोर्टात आला असेल, तर अपवाद म्हणून त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी जागा देता येते. दोन्ही निकालांत एक धागा आहे: मुलाच्या बाजूला दिरंगाई नाही. आमच्या मुलीची दिरंगाई तिच्या हातची नव्हती. घरात व्हॅलिडिटी कुणीच काढली नव्हती, वडिलांना नोकरीत कधी लागली नाही, आणि अकरावीत कुणी सांगितलं नाही. पण घराची दिरंगाई ही यंत्रणेची चूक म्हणून कोर्टापुढे मांडता येत नाही.

त्या वर्षी पडताळणीच्या पावतीवर कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाचा, अर्ज भरता येत होता. मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचं, नाहीतर उमेदवार खुल्या प्रवर्गात. भज-कसाठी साडेतीन टक्के, म्हणजे साठ जागांच्या शाखेत जेमतेम दोन. म्हणून पसंतीक्रम भरताना मी तिला दोन याद्या करायला लावल्या: एक जागा मिळेल असं धरून, एक मिळणार नाही असं धरून. ती चिडली. "सर, म्हणजे तुम्हालाच खात्री नाही." नव्हतीच.

मग वंशावळ करायला बसलो, त्यांच्या घरी, गावात. वंशावळीच्या शपथपत्रात काहीही लपवायचं नाही, हा माझा नियम. निपाणीकडच्या चुलत घराण्याचं नाव घालू नये, असं वडिलांना वाटत होतं. मी म्हटलं, समितीचं दक्षता पथक चौकशीला गावात येणार, म्हातारी माणसं सांगणारच, मग तुम्ही लपवलं हे निघेल आणि बाकी सगळ्या खऱ्यावरही संशय येईल. ते घातलं. मग आजीला विचारलं, मुलं सगळी सांगा, गेलेलीसुद्धा.

आजी चुलीपाशी पाय पसरून बसली होती. बोटांवर मोजत नावं घेऊ लागली. मधेच थांबली आणि पहिल्यापासून परत सुरू केलं. "त्याच्या आदी एक पोरगी. ती न्हाई ऱ्हायली." वडिलांनी मान वर केली. त्यांना एक मोठी बहीण होती हे त्यांनी वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा ऐकलं.

कधी झाली, कधी गेली? साल सांगता येईना. देवी आल्या होत्या एवढं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि तिचे वडील तहसील कचेरीत गाव नमुना १४साठी, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्यासाठी, अर्ज घेऊन गेले. रेकॉर्डमधली ती पुस्तकं मी अनेकदा पाहिली आहेत. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, उलगडताना कडा पिठासारख्या सुटतात, आणि शाईचा रंग चहासारखा झालेला. त्यांनी १९५७ ते १९६२ जन्माची पानं पाहिली. काही नाही. संध्याकाळी फोनवर मुलीचा आवाज पडलेला होता.

उत्तर आजीनंच दिलं. "पयलं बाळतपण हितं कशाला हुईल? म्हायारी गेल्ते की."

आणि इथे माझीही फजिती झाली. मी कोतवाल बुकाच्या मागे लागलो होतो तो जन्माच्या नोंदीसाठी. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे ती नोंद सापडली असती तरी तिच्यातून आजीचं माहेर सिद्ध झालं असतं, आजोबांचं वास्तव्य नाही. समितीच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळली असती. आपल्याला हवी होती मृत्यूची नोंद. पोर दगावलं होतं ते सासरी.

मार्च १९६१. मानीव दिनांकाच्या आठ महिने आधी. मृत्यूच्या पुस्तकात एक ओळ: नावाच्या जागी नुसतं "मुलगी", बापाचं नाव, जात धनगर, वय एक वर्ष, राहणार येथील, कारण देवी. नक्कल हातात आली तेव्हा "राहणार येथील" या दोन शब्दांकडे मी बराच वेळ बघत होतो. कोतवालानं ते सवयीनं लिहिले असणार, रोज लिहीत असेल तसे.

तरी काम संपलं नव्हतं. निपाणीकडच्या शाळेत आजोबांच्या नावाला "आप्पा" लागलेला, कोतवाल बुकात आप्पा गळालेला. माणूस तोच कशावरून? हा प्रश्न दक्षता पथकानं गृहचौकशीत विचारलाच, आणि योग्य विचारला. इथे कामी आला १९६८चा फेरफार, जो तोवर निरुपयोगी म्हणून फाईलच्या तळाशी होता. त्यात तलाठ्यानं दोन्ही नावं लिहून मधे "ऊर्फ" घातलं होतं. आजीचा जबाब झाला, शेजारच्या दोन वृद्धांचे झाले. विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात सुनावणीला मुलगी स्वतः उभी राहिली. तिला विचारलं, वंशावळीत ही पहिली मुलगी कोण? तिनं सांगितलं. मी काही बोललो नाही, बोलायची गरज पडली नाही.

याच व्यवस्थेबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. पडताळणी समित्या, दक्षता पथक, गृहचौकशी ही सगळी चौकट १९९४च्या माधुरी पाटील निकालातून आली. तो निकालही मेडिकल प्रवेशाचा, महादेव कोळी असल्याचा दावा करणाऱ्या दोन बहिणींचा. खोटे दावे रोखायला उभारलेली चाळणी खऱ्या माणसालाही तेवढीच घासते. पण याच चाळणीनं आजीला घरी येऊन विचारलं, हेही खरं. नुसता ऑनलाईन अर्ज असता तर "ऊर्फ" कुणी वाचलं नसतं.

प्रमाणपत्र मिळालं ते शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी. दुसऱ्या फेरीत कराडला भज-कची जागा लागली होती, पावतीवर धरून ठेवलेली. पेढे आले.

दोन दिवसांनी सकाळी सातला फोन. कागद तपासणाऱ्यांनी नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र, परत केलं होतं. ते गेल्या ३१ मार्चला संपलेलं. भटक्या जमातींना ते लागतं, आणि प्रवेशाच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत वैध असावं लागतं. फाईलमध्ये ते सहाव्या पाकिटात पहिल्या दिवसापासून होतं. मुलीच्या यादीत तारीखसुद्धा लिहिली होती. मी दोन महिने १९६१ शोधत होतो आणि चालू वर्षाची तारीख वाचली नाही. चूक पूर्ण माझी. सुदैवानं उत्पन्नाचे कागद तयार होते. वडिलांनी रजा टाकली, सेतूत दिवसभर बसले, आणि नवं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी दुपारी अपलोड झालं. जागा राहिली. ते दोन दिवस माझ्या फीमधून वजा करा म्हणालो तर वडील हसले, पण वजा केलेच.

आता घरातल्या पुढच्या मुलांचं सोपं आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकाला वैधता मिळाली असेल आणि ती फसवणुकीनं घेतलेली नसेल, तर तिला डावलता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१०च्या अपूर्वा निचळे प्रकरणात सांगितलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ला ठाकूर जमातीच्या प्रकरणात त्या दिशेनंच पाऊल टाकलं. धनगर की धनगड हा अनुसूचित जमातीचा वाद वेगळा, त्याचा या फाईलशी संबंध नाही, तरी गावातल्या दोघा-तिघांनी मला तो विचारलाच.

धाकटा भाऊ यंदा अकरावीत गेला. वडील परवा आले, बारावीची वाट न बघता. हातात तीच फाईल, तीच पाकिटं, पहिल्या पाकिटात आता मृत्यूची नक्कल. बसायच्या आधीच विचारलं, "ह्येच्या किती प्रती काढू?"